हवेत काहीतरी हवं

मंगळवार बाजारातल्या भंगारात
जुना डीव्हीडी रायटर साठ रुपयांना.
त्याच्या पोटात लाल डायोड,
तांदळाच्या कणीएवढा.
तीन मेले माझ्याच हातून.
करंट किंचित जास्त झाला की
कुरकुर न करता गप्प होतात.
चौथा जगला.

त्याला टॉर्चच्या नळीत बसवला,
भिंग चिकटवलं फेव्हिक्विकच्या एका थेंबाने,
आणि साखर पेठेतल्या गच्चीवरून
समोरच्या पाण्याच्या टाकीवर सोडला.
ठिपका.
ठिपका तिथे, नळी इथे,
मधे काहीच नाही.
रजिता म्हणाली,
याच्यासाठी दोन महिने जागलास?
आणि खाली जाऊन दार लावून घेतलं,
जोरात नाही, पण लावलं.

किरण बाजूने दिसत नसतो.
कशावर तरी आपटला तरच दिसतो.
मी उदबत्त्या जाळल्या, टाल्कम पावडर उडवली,
शेंगदाण्याची टरफलंसुद्धा पेटवली एकदा,
शेजारच्या यल्लव्वाने बादली आणली विझवायला.

मग एका रात्रपाळीला
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात वीज गेली.
मी तिथला वायरमन, नळी खिशातच.
अठरा माग एकदम थांबले
आणि कानात जो खड्डा पडतो तो पडला.
कुणी विडी शोधत होतं, कुणी चप्पल.
मी बटण दाबलं.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
सरळ, लाल, ताणलेली,
जणू ताण्यातला एकच धागा रंगवून
बाकीचे काढून टाकलेत.
आणि धाग्यात हालचाल. बारीक बारीक पिसं
चमकत येतात, विझत जातात,
वर, खाली, तिरकी,
कुणाला कसली घाई नाही.
वा, मी म्हणालो, मोठ्याने.
मीच एकटा.

मल्लेशम पुढे आला, बत्तीस वर्षांचा विणकर,
रेघेजवळ तोंड नेलं. डोळे बाजूला, मी ओरडलो.
त्याने डोळे मिटले आणि नुसता श्वास घेतला.
रेघेतली पिसं वळली
आणि त्याच्याकडे गेली.
सगळ्यांनी पाहिलं.
एवढं? तो म्हणाला.
रोज एवढं?

वीज आली. ट्यूबलाइटच्या उजेडात
हवा पुन्हा रिकामी झाली.
दोन दिवस त्याने नाकाला फडकं बांधलं.
तिसऱ्या दिवशी ते गळ्यात होतं.
मी काही बोललो नाही.
माझा छंद होता तो, त्याचा खोकला.

रविवारी गच्चीवर आला. हातात पिशवी.
ते नको दाखवू, म्हणाला, दुसरं काय होतं याच्यात?
पिशवीत टॉवेल, छत्रीचं फाटकं कापड, एक रुमाल.
टॉवेलने उजेड पिऊन टाकला,
दुसऱ्या बाजूला नुसतं लालसर काहीतरी.
छत्रीच्या कापडातून भिंतीवर
ठिपक्यांची फुली उमटली.
तो खाली बसला.
दाट विणीचे ठिपके दूर पडतात, मी सांगितलं,
विरळ विणीचे जवळ.
उलटं आहे हे.
उलटंच आहे.
रुमाल धरला तेव्हा तो भिंतीशी गेला,
आंगठ्याच्या नखाने दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं,
पुन्हा मोजलं, ओठ हलले तेलुगूत,
आणि म्हणाला, हा रुमाल सोलापूरचा नाही.
भिंग नाही, माग नाही, लेबल नाही.
मी हसलो. तो हसला नाही,
तो कामावर होता.

जाताना दिवा घालवायला लावला.
रेघ कोरी होती, म्हणजे नव्हतीच.
त्याने टॉवेल एकदा झटकला.
आली.
दुसऱ्यांदा झटकायला हात वर गेला,
तसाच राहिला.
आम्ही दोघं पाहत बसलो, तोंड बंद,
ती खाली बसेपर्यंत.