साडेआठ ते दहा लाईन बंद

बावीस वर्षं झाली मला खांबावर चढून.
लाईन गेली की सगळ्यात आधी माझंच नाव निघतं,
आईसकट.
त्या दिवशी मात्र टेकाम मॅडम घरी आल्या,
चहा अर्धा ठेवून म्हणाल्या,
भाऊ, मंगळवारी रात्री जरा अंधार पाहिजे होता.

अंधार. पाहिजे होता.
असा अर्ज आजवर कोणी केला नव्हता.

शाळेच्या मैदानात यवतमाळच्या पोरांनी
एक काळा फुगा फुगवला, कडब्याच्या गंजीएवढा,
पंख्याच्या हवेवर उभा.
आत रांगत जायचं,
पाठीवर पडून मशीनमधलं आभाळ पाहायचं.
एका खेपेला पंचवीस लेकरं,
बाहेर चपलांचा ढीग,
आणि आता बायांचा नंबर म्हणून
दारातच बसलेली शेवंताबाई.

मी डीपीपाशी. माझं घड्याळ पाच मिनिटं पुढं असतं,
हे त्या रात्री ध्यानात राहिलं नाही.
साडेआठ झाले म्हणून हँडल ओढलं.
आत शनी विझला. पंखा थांबला.
फुग्यानं आधी सुस्कारा सोडला,
मग पाण्यात म्हैस बसते तसा
बसत गेला, लेकरांच्या अंगावर.
किंकाळी, मग हसू, मग परत किंकाळी,
आणि सगळ्यांच्या वर शेवंताबाई:
"आभायच पडलं ना वं, बाप्पा!"

मी पळत आलो तोवर
एकेक जण कापडाखालून निघत होतं, डोकं आधी,
माझ्या नावानं ओरडायला तोंड उघडत होतं
आणि ते तसंच राहत होतं,
उघडं.

गाव नव्हतं. देवळाचा बल्ब नव्हता.
हरभऱ्यावरून थंडी येत होती,
आणि वर, काय सांगू,
एवढी दाटी मी खांबावरून कधी पाहिली नव्हती.
खांबावर माणूस तारेकडं पाहतो.
ताऱ्याकडं कोण पाहतं.

यवतमाळचा पोरगा हिरवा उजेड रोखून सांगत होता,
हे मृग नक्षत्र, मधले तीन तारे म्हणजे
हरणाच्या पोटात रुतलेला बाण.
मागून किसन आत्राम बोलला,
जो रोज रात्री मचाणावरून डुकरं हाकलतो,
"बाण नाही ना जी. तिफन हाये ते."
पोरगा थबकला. अन् तो झुबका?
"गोफणीचे गोटे. होल्यावर मारले होते.
लागला नाही एकबी."
पोरानं खिशातून वही काढली.
अंधारात लिहिता येईना,
तेव्हा सगळे माझ्याकडं पाहायला लागले.
मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. दहापर्यंत नाही.

मग दुर्बिणीपुढं लाईन लागली,
गावातली पहिलीच, जी मी जोडली नव्हती.
म्हाताऱ्यांना स्टूल, पोरांना कडेवर.
गुरू दिसतो म्हणे, बाजूला चार ठिपके.

माझा नंबर आला तेव्हा दहा वाजून गेले होते.
खिशात फोन वाजत होता, गिरणीवाल्या रामचवरेचा.
डोळा लावून मी ठिपके मोजले. तीनच.
चौथा गुरूच्या मागं गेला असेल,
मॅडम म्हणाल्या, निघेल थोड्या वेळानं.

"अरे, लाईन केव्हा येते?" रामचवरे.
मी डोळा काढला नाही.
म्हटलं, फॉल्ट आहे, भाऊ.
शोधून राहिलो.