अठ्ठावन्न तास

इला टिपणीस मिशिगनहून आली
तीन आठवडे, साठ तास, माझ्या पाठीमागे उभी राहायला.
तिच्या मामाच्या ओळखीतल्या कुणाचा तरी फोन आला होता,
'मुलगी हुशार आहे. नुसती बघेल, कशाला हात लावणार नाही.'
कोट नवा, घडीच्या रेषा तशाच.
बूट असे, की वॉर्डातल्या मावशींनी
आधी बुटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
आणि फरशी पुन्हा पुसली.

परळच्या ह्या इमारतीत राउंडला मी पुढे,
माझ्यामागे दोन हाउसमन, त्यांच्यामागे सिस्टर,
सगळ्यांच्या मागे ती, वहीत लिहिणारी:
आठ ते एक, पाच तास. खाली माझी सही.

दुखण्याचे दहा आकडे ती घरून घेऊन आली होती.
पहिल्याच ओपीडीत एक म्हातारा म्हणाला,
'दुखत न्हाई हो, नुसतं ठसठसतंय.'
तिनं माझ्याकडे पाहिलं, किती लिहू?
मी म्हटलं, आकडा राहू दे. शब्द लिही.

मग ती शब्द जमवत सुटली.
कळ येते आणि जाते. ठणका रात्रभर जागवतो.
मुरडा पोटात, चमक पाठीत, भगभग तळपायात,
उसण भरते, ती कशात भरते हे मलाही सांगता येईना.
तिची आई घरी फक्त 'बाऊ झाला' म्हणायची,
तेवढ्या मराठीवर तिनं वीस वर्षं काढली होती.
कॅन्टीनमध्ये तिनं विचारलं, 'आणि हुळहुळणं?'
खाली नवी कातडी येत असते तेव्हाचं, मी म्हटलं,
चहा ओतता ओतता. बरोबर होतं की नाही, कोण जाणे.

खाट सतरा. देऊबाई वैती, वरळी कोळीवाडा.
साखर चारशे, उजव्या पायाचा अंगठा काळा.
उद्या काढायचा, हे मी उभ्या उभ्याच सांगितलं,
अंगठ्यासाठी अंगठा घेतला कागदावर,
शाईची डबी मिटली आणि पुढे सरकले.
तेवीस खाटा राहिल्या होत्या.
हे मी कारण म्हणून सांगत नाही.

विसाव्या खाटेशी लक्षात आलं, ती मागे नाही.

देऊबाईंनी तिची बाही धरली होती.
'डाक्टरीण, कापल्यावं अंगठा ठेवता कुठं?'
सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
(पिवळ्या पिशवीत. वजन होतं, नोंद होते.)
इला म्हणाली, शब्द शोधत,
'मी डॉक्टर नाही. मी अजून कोणी नाही.'
'कोनी नाय?' म्हातारी हसली. 'मंग बरा. बस इथं.
जे कोनी हायत त्यांना खाटी लय.'

ती बसली. सलाइनखालच्या बुटक्या स्टुलावर,
बूट खाटेखाली ढकलून.
मी दूरून हाक मारणार होते. मारली नाही.
म्हातारी काहीतरी दाखवत होती हातांनी,
बहुतेक घोळ मासा, केवढा असतो ते.

शेवटच्या दिवशी वही समोर आली.
त्या तारखेला लिहिलं होतं, आठ ते अकरा, तीन तास.
'तू एकपर्यंत होतीस की.'
'हो, पण तुमच्या मागे नव्हते ना.'
बेरीज अठ्ठावन्न. तिच्या कॉलेजला हवे साठ.
मी पेन धरून बसले थोडा वेळ.
तीनचा पाच सहज झाला असता.
अठ्ठावन्नावरच सही केली.

पुढल्या मंगळवारी ड्रेसिंगला देऊबाईंनी विचारलं,
'ती तुमची कोनी-नाय कुठं गेली?'
'परत गेली. मिशिगनला.'
'लांब हाय?'
'लांब आहे. पाय ठणकतो का?'
'नाय. हुळहुळतंय.'

स्टूल अजून तिथेच होतं.
मी त्यावर केसपेपर ठेवला,
आणि उभ्यानंच पट्टी सोडायला लागले.