वार नसलेलं कॅलेंडर

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर
संडासाच्या दाराला आतून टांगतात.
अख्ख्या फ्रीसलंडात हीच रीत. पाहुणा आत जाऊन येतो
आणि कॉफी ढवळत हळूच विचारतो,
"माझं नाव दिसलं नाही कुठे?"

त्यावर वार नसतात, साल नसतं,
नुसत्या तारखा. म्हणून ते जुनं होत नाही.
आमचं घर घेतलं तेव्हाचं आहे,
ओलीनं जुलैचा कोपरा फुगलाय.
मार्चात आई आहे.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली, पण खोडायचं कुणी?
दर तीन मार्चला ती तिथे असते,
वीब्रेनच्या आतेभावाच्या वर,
मांजराच्या इंजेक्शनच्या खाली.

येत्या गुरुवारी मी पन्नास.
इथे पन्नाशीची बाई सकाळी पडदा सरकवते
तर अंगणात बाहुली बसलेली असते,
माणसाएवढी, जुन्या कपड्यांत वर्तमानपत्रं कोंबलेली,
गळ्यात पाटी: सारा.
बायबलातली ती, नव्वदीत मूल होणार म्हटल्यावर हसलेली.
मग दिवसभर जाणारा-येणारा सायकलवाला
घंटी वाजवून जातो.
मी वीब्रेनला बजावलं, बाहुली नको.
"कसली बाहुली?" म्हणाला.
सव्वीस वर्षांत या माणसाला खोटं बोलणं जमलं नाही.
आधी कान लाल होतात.

पूल उचलणं हे माझं काम.
बोट आली की गाड्या थांबवायच्या, बटण दाबायचं,
मग काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट
बोटीवर सोडायचा. त्यात नाणी पडतात.
लोक माझ्यापुढे इंजिन बंद करतात,
सँडविच खातात, भांडतात, नाक कोरतात,
आणि मी वरून बघत असते.
नीन्के म्हणते, "आई, तू घरीही तशीच बघतेस."
हे कौतुक होतं का,
विचारायचं राहिलंय.

अठरा एप्रिलला मी, वीसला हिस्के.
दोन्ही नावं तिच्याच अक्षरात, एकाच पेनानं.
शाळेत असल्यापासून एक केक आम्ही दोन दिवस पुरवला.
चार वर्षांपूर्वी आमची सामाईक होडी
तिनं मला न विचारता विकली.
अर्धे पैसे पाकिटात घालून दाराच्या फटीतून टाकले.
मी पाकीट फोडलं नाही.
होडी अजून माझ्या पुलाखालून जाते,
नवा मालक, नवा रंग.
तिच्यासाठी पूल उचलावाही लागत नाही,
इतकी ठेंगणी.
एवढ्याशा होडीवरून आम्ही...
असो.

सोमवारी सायकलचा पंप शोधायला शेडमध्ये गेले.
गवत कापायच्या यंत्रामागे ती बसली होती.
डोकं अजून लावलेलं नव्हतं.
अंगात पिवळा रेनकोट,
होडीतला, जो भांडणाच्या दिवसापासून
हिस्केच्या खुंटीला होता.
बाही खांद्याशी उसवली होती, ती शिवलेली,
पिवळ्यावर निळ्या दोऱ्यानं.
हाताला येईल त्या रंगानं शिवणारी
गावात एकच बाई आहे.

मी उलटी बादली ओढून तिच्याशेजारी बसले.
वर्तमानपत्रं आत सरकली, आवाज झाला.
तिची कॉलर सारखी केली.
किती वेळ, माहीत नाही. पाय गार पडले.

"सापडला पंप?" वीब्रेननं स्वयंपाकघरातून विचारलं.
"नाही," म्हटलं.
कान माझेही लाल झाले असणार.
तो बटाटे सोलत होता, वर बघितलं नाही.

"गुरुवारी खुर्च्या किती मांडायच्या?" मी विचारलं.
"अकरा."

रात्री अंधारात बोटांवर मोजलं.
त्याची बहीण, तिचा नवरा, पोरं, शेजारी,
पुलावरचा म्हातारा यिल्लेही धरला.
दहा.
पुन्हा मोजलं.
दहाच.