पंच क्रमांक दोन

"पत्रू लहानू मेश्राम हाजिर हो!"
शिपायानं तीनदा पुकारलं.
मी पहिल्याच हाकेले उठलो होतो.

सात वर्सं झाली.
चौकात ट्यूब घमेल्यात बुडवून
बुडबुडा हुडकत होतो,
हवालदार म्हणला, दोन मिनिटं ये, सही कर.
हात ग्रीसनं भरलेले.
कोऱ्या कागदावर आधी अंगठा उमटला, मंग सही.

आज थोच कागद
कोणाच्या तरी वळणदार अक्षरानं भरून आला :
आरोपीने सांदवाडीतून कुऱ्हाड
स्वखुशीने काढून दिली.

सरकारी वकिलानं पुडकं फोडलं.
लाख, सुतळी, माह्या सहीची चिठ्ठी.
दांडा मालखान्यात वाळवीनं खाल्ला,
उरलं नुसतं पातं.
"हीच का ती?"
म्हणलो, जी, कुऱ्हाड कुऱ्हाडीसारखीच दिसते.
जज बाई हसल्या नाहीत.
टायपिस्टनं तेही टाइप केलं.

मागच्या बाकावर डोमाजी नन्नावरे,
उजवं मनगट वाकडं जुळलेलं.
अमावसेच्या रात्री, धुऱ्यावर, कोणं घाव घातला
हे मोहबोडीतल्या कुत्र्यालेही ठावं हाये.
पिंजऱ्यात आडकू श्रीरामे,
दाढी घोटून, इस्त्रीचा सदरा घालून.

पण गावाले ठावं असणं इथं चालत नाही.
डोळ्यानं पाह्यलेलं लागते,
शपथेच्या तोंडातून निघालेलं लागते.
काहून लागते, हे मले ठावं हाये.
पंपाची मोटर माह्या भावानं नेली
हेही गावाले पक्कं ठावं होतं.
उन्हाळ्यात विहीर आटली, मोटर तळाशी निघाली.
तवापर्यंत भाऊ बल्लारशाले निघून गेला होता.

बचावाचा वकील जवळ आला.
"सही केली तेव्हा कागदावर काय होतं?"
पंखा करकरत होता.
डोमाजीकडं पाहू नये म्हणून
मी त्या पात्याकडं पाह्यलं.
काहीच नोतं जी.
ग्रीस होतं, माह्या अंगठ्याचं.

सरकारी वकिलानं चष्मा काढला :
साक्षीदार फितूर झाला, नोंद घ्यावी.
शपथ घेऊन खरं बोललो
अन् कागदावर फितूर.

खिडकीवर भत्ता मोजून घेतला.
पाचची एस्टी.
दुसरी जागाच नोती, डोमाजी माह्याजवळ बसला.
आडकू मागं, दांडीले धरून उभा.
निकालाची तारीख अजून बाकी.
कंडक्टर म्हणला, कुठं?
तीन तोंडातून एकच गाव निघालं.

डोमाजीले डाव्या हातानं
कनवटीचे सुटे पैसे निघेनात.
त्याची पिशवी
मी धरली.
त्यानं धरू देली.