धुडकू, सातवं रीळ

धुकं म्हणता ना तुम्ही, ते धुकं नव्हतं.
धरणगावच्या बंद जिनिंगमध्ये
रमजान पिंजारी चार रात्री कापूस पिंजत बसला होता,
दोन पंखे तो हवेत उडवत होते.
जिन्यावर नायिका खोकते
तो अभिनय नाही.
आणि पिंजणीची तात, ढंव्... ढंव्...
तीच पुढे भुताच्या पावलांना लावली.
रमजानला त्याचे वेगळे पैसे नाही मिळाले.
पिक्चर लागला तेव्हा थर्ड क्लासात बसून
बायकोला कोपराने ढोसत होता:
ऐक, मी चालतोय.

रक्त म्हणजे काकवीत कालवलेलं कुंकू.
खानसाम्याच्या प्रेताकडे नीट पाहा,
कानाशी मुंगळा चढतो
आणि प्रेताचा गाल उडतो.
प्रेत म्हणजे बँडवाला सुपडू.
सांगाडा एरंडोलच्या शाळेतला,
तिसऱ्या बरगडीवर पांढऱ्या रंगात
डेडस्टॉकचा नंबर आहे, चौदा.

थडग्यातून हात येतो तो जमीनदाराचा,
पण मनगटात हिरवी काच.
वेणूबाई भोई म्हणाली,
नवरा जिवंत आहे माझा, बांगडी उतरवणार नाही.
तेवढ्यापुरतं भूत सवाष्ण आहे.

तिसऱ्या रिळात ऑर्गनच्या खाली
कान लावून ऐका, वॉचमन विचारतो,
'कोन शे रे तठे?'
मुंबईवाल्यांना तो मंत्र वाटला.
राहू दिला.

एवढं सगळ्यांना सांगतो.
आरशाचं सहसा नाही सांगत.

सातवं रीळ. ती कपाटाचा आरसा पुसते,
सगळ्यांचे डोळे मागच्या दारावर,
दार सावकाश उघडतं.
आरशात डाव्या कडेला, खाली,
मामाच्या टपरीवरची किटली घेऊन
माझा भाऊ धुडकू उभा आहे.
अकरा फ्रेम.
अर्धा सेकंदसुद्धा नाही.
कॅमेऱ्यामागच्याला दिसला नाही,
कापणाऱ्यालाही नाही.

पिक्चर अमळनेरला आला तोवर
त्याला जाऊन पाच महिने झाले होते. कावीळ.
घरात त्याचा फोटो नव्हता.
नऊ वर्षांच्या पोराचा फोटो कोण काढतो.

मी ऑपरेटरच्या हाताखाली, कार्बन बदलायला.
भोकातून मलाच आधी दिसला.
मायला सांगितलं.
मग माय रोज सहाच्या शोला, बायकांच्या बाजूला.
भित्री होती, सहा रीळ पदर तोंडावर घेऊन बसायची.
सातव्याला काढायची,
नेमका बाकीच्या घ्यायच्या तेव्हा.
घरी येताना सांगायची,
आज माझ्याकडे पाहिलं त्यानं.
आज किटली जड होती.

एकदा मी म्हटलं, थांबवतो तुझ्यासाठी.
सोळा वर्षांचं डोकं.
ऑपरेटर विडी ओढायला गेला होता.
मशीन रोखलं.
धुडकू थांबला.
थेटर गप्प.
एक म्हणेपर्यंत.
मग किटलीपासून तपकिरी डाग सुटला,
सदऱ्यावर चढला, फोड आला,
सगळं पांढरं.
शिट्ट्या.
ऑपरेटरनं कानाखाली काढली,
चार फ्रेम कापल्या,
सॉल्यूशन लावून जोड दिला.
सात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी माय आली. पाहिलं.
बोरीच्या पुलावर येईपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली,
'आज घाईमा व्हता.'

बाकीच्या प्रती कुठं गेल्या ठाऊक नाही.
उरली ती आमचीच, जोड दिलेली.
तुम्ही म्हणता, दार उघडताना तिथं
चित्र जरा उडी मारतं
आणि छातीत धस्स होतं.
दिग्दर्शकाची कमाल म्हणता.
लिहा तसंच, माझी हरकत नाही.
चहा आलाय, आधी तो घ्या.