तीस मिलिलीटर

बाटली एवढीशी, खोकल्याच्या औषधाहून लहान.
किंमत विचारू नका.
एंडेल म्हणाला, एवढ्यात मी मेंढी घेतली असती.
पण गॅरेज त्यानंच दिलं, किल्ली चौकटीवर ठेवून,
बटाट्यांचे क्रेट एका कडेला सरकवून.

पार्नूत सप्टेंबरला समुद्र भिंतींतून आत येतो.
पत्रक म्हणतं, हवेतला दमटपणा साठच्या आत हवा.
काट्यावर एकसष्ट.
एक देवाच्या नावानं सोडला.

काल दिवसभर नुसती धूत होते.
फवारा मारला तशी चाकं जांभळी गळायला लागली,
सात हिवाळ्यांची ब्रेकची भुकटी.
मग मातीची वडी, दारादारावरून.
प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून चाचपायचं,
पिशवीतून खर जास्त कळते.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही,
वीस वर्षं हातमोज्यातून शिरा शोधतेय.

मग पॉलिश.
आज जो ओरखडा राहील तो काचेखाली राहील, कायमचा,
म्हणून मागच्या दारावर दोनदा फिरवलं.
तिथं तार्मो सायकल टेकवायचा, गाडी त्याची होती तेव्हा.
ती मला विकून तो हेलसिंकीला गेला,
आणि शेवटच्या दोन हप्त्यांवरून
जे बोलणं थांबलं ते थांबलंच.

आज थेंब. स्पंजवर सहा.
आडवे हात, उभे हात,
टॉवेलाएवढा तुकडा, त्याहून जास्त नाही,
मग थांबायचं.
पत्र्याला घाम फुटल्यासारखं होतं
आणि डबक्यातल्या पेट्रोलचे रंग वर येतात.
तोच क्षण.
घाई केली तर सगळं फडक्यात निघून येतं.
उशीर केला तर दगड.
दोन मिनिटं, फार तर.

छत झालं. डिकी झाली. बॉनेटचा उजवा अर्धा झाला.
डाव्यावर रंग यायला लागले
तेव्हा फोन वाजला, क्रेटवर, बटाटे हलवत.
नाव वाचलं.

हातमोजा दातांनी ओढला. तोंड कडू झालं.
"काही नाही," तार्मो म्हणाला, "सहजच."
तीन वर्षांनी, सहजच.
त्याच्या मागं काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं.
म्हणाला, इथं पाऊस आहे.
म्हणाला, गुडघा पुन्हा काढलाय.
म्हणाला, गाडी चालते अजून?
चालते, मी म्हटलं,
आणि बॉनेटवरचा हिरवा जांभळा होताना,
जांभळा कसलाच नाही असा होताना
बघत राहिले,
फडकं खांद्यावर.
हप्त्यांचं त्यानं काढलं नाही. मीही नाही.
गुडघ्यावर काय लावायचं ते सांगितलं.

नऊ मिनिटं.

नंतर घासलं. दात-ओठ खाऊन घासलं.
फडकं अडखळायचं, पुढं जायचं.
तळहाताएवढा डाग, कडेला जरा धुरकट,
कुणी गरम कप ठेवून उचलायला विसरलं असावं तसा.

संध्याकाळी एंडेल गाजरं घेऊन आला,
टॉर्च तिरकी धरून गाडीभोवती फिरला,
छताशी काहीच बोलला नाही, म्हणजे आवडलं.
बॉनेटशी थांबला.
"इथं हुकलं."
हो.
"खरवडून काढ. नव्यानं लाव."
मी बाटली उलटी करून दाखवली.
एक थेंब तोंडाशी आला, तिथंच बसला.
"मग हुकलं कसं?"
फोन आला होता, म्हटलं.
त्यानं टॉर्च बंद केली.

पत्रक म्हणतं, सात दिवस पाणी लागू देऊ नका.
तार्मोची बोट शनिवारी, म्हणजे सहाव्या दिवशी.
तालिनपर्यंत दीड-दोन तास,
आणि रेडिओवर आठवडाभर पाऊस.

एंडेलला विचारलं, शुक्रवारपर्यंत गॅरेज मिळेल का?
तो बराच वेळ बटाट्यांकडे बघत राहिला.