मागचं

येझदीचे मूळचे आरसे गोल, चिमुकले, क्रोमचे.
त्यांत मला बावीस वर्षं
माझीच कोपरं दिसली,
डाव्यात डावं, उजव्यात उजवं,
आणि कोपरापलीकडं
रस्ता नावाची एक थरथर.

अडलं नाही काही.
मागच्या सीटवर निवृत्ती गांगुर्डे असायचा,
डबा मांडीवर, तोंड अर्धं वळवलेलं:
"टेम्पो आहे. जाऊ दे त्याला."
"हां, घे आता."
पाथर्डी फाटा ते सातपूर, पाळी कुठलीही असो.
पॉवर प्रेसपाशी माझा डावा कान गेला
त्या वर्षापासून तो उजव्या खांद्यावरून बोलू लागला.
सांगितलं कुणीच नव्हतं.

मार्चअखेर निवृत्ती निवृत्त झाला.
कँटीनमध्ये सगळे हसले, तोही हसला,
आणि कळवणला भावाकडे निघून गेला.
पंधरा दिवसांत अंबडच्या वळणावर
एक डंपर चुकीच्या बाजूनं
बाहीला हात लावून गेला.
मला ऐकूच आला नाही.

द्वारकेपाशी यासीन स्पेअरवाल्यानं
गोणपाटावर आरसे मांडले.
फुगीर काचेत अख्खं सर्कल मावलं,
पण एसटी दिसली पोळ्याच्या मातीच्या बैलाएवढी.
"लांब वाटली तरी जवळच समजायची, चाचा."
सपाट काचेत एसटी एसटीएवढी,
फक्त तिचं एकच चाक.
हँडलच्या टोकाला लावायचे, ते पोरासोरांचे.
शेवटी डावा फुगीर, उजवा सपाट,
दांड्या वीतभर लांब.
"ही जोडी नाही होत," यासीन म्हणाला.
नसू दे.

भोक आठाचं, दांडी दहाची.
जेवणाच्या सुट्टीत पितळेचा तुकडा लेथवर धरला,
एका टोकाला बाहेरून आठाचे आटे,
दुसऱ्या टोकाला आतून दहाचे.
खाली जुन्या ट्यूबचा वायसर.
आता चाळीसला काच गप्प असते,
पन्नासला कुजबुजते,
साठला पुन्हा सगळं फेसाळतं,
पण साठ कुणाला गाठायचेत?

सोमवारी पहिल्या पाळीला निघालो
तर डाव्या आरशात पांडवलेणीचा डोंगर.
इतकी वर्षं पाठीशीच होता की.
वर कोवळं ऊन, खाली हायवेचे न विझलेले दिवे,
सगळं मिळून तळहाताएवढं.
उजव्या आरशात सीटची कड,
रेक्झिन जिथं बसून बसून पांढरं पडलंय.
हॉर्न वाजला तेव्हा कळलं,
मी पुढं बघत नव्हतो.

रात्री निवृत्तीला फोन लावला, उजव्या कानाला.
"दिसतं का आता मागचं?"
"दिसतं."
"सगळं?"
डाव्या खांद्यामागं थोडं राहतं, म्हटलं,
एक टेम्पो मावेल एवढं.
तिकडं कुणीतरी बादली आपटली, कुत्रं भुंकलं.
मग तो म्हणाला,
"तेवढ्याला मान वळवावी लागते, गड्या."